‘मला ओळखलंत का?’

मनुष्याची योग्यता त्याच्या स्मरणशक्तीवरून ठरविण्याची आपली रीत फार जुनी आहे. ज्याला अधिक पाठ, तो अधिक विद्वान. दशग्रंथी, घनपाठी या पदव्या आपण ज्यांस देतों, त्यांच्या बुद्धीइतकाच त्यांच्या धारणेचाहि त्यांत गौरव असतो. आमच्या नाशकांत गोदाकांठच्या वेदशाळांतून मुलाचें पहिलें कौतुक होई तें ‘याला एकदां संथा दिली कीं राहते’ याच शब्दांनीं. शाळेंतहि निराळें कांहीं नव्हतें. मीं स्वतः चौतीस वर्षें मुलांना शब्दरूपें व धातुरूपें घोकावयास लाविलीं आणि प्रत्येक सहामाहीस त्यांच्यापुढें प्रश्नपत्रिका ठेविली. ज्याला आठवलें तो उत्तीर्ण, ज्याला आठवलें नाहीं तो अनुत्तीर्ण, असा तो सरळ हिशेब. शाळेपुरता तो ठीकच होता. परंतु ज्या मनुष्याचें आठवणेंच रोगानें हिरावून नेलें, त्याचें मोल कोणत्या मापानें करावयाचें? वृद्धापकाळीं सर्वांनाच थोडेंफार विसरावयास होतें, त्याविषयीं मी बोलत नाहीं. ऐन पन्नाशींत, संसार भरांत असतां, घरच्या कर्त्या बाईच्या डोक्यांतून एकेक नांव, एकेक वाट, एकेक माणूस गळून पडूं लागतें, त्याविषयीं बोलत आहें.

हा विषय एका बोलपटानें फार हळुवार हातानें मांडला आहे. बोलपटाचें नांव निघतांच कांहीं वडील वाचकांच्या कपाळास आठी पडेल. पण नाशिककरांस तरी तसें करण्याचा अधिकार नाहीं. ज्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढून या देशांत चित्रपटाचा पाया घातला, ते १८७० मध्यें आमच्या त्र्यंबकेश्वरीं जन्मले आणि १९४४ मध्यें नाशकांतच निवर्तले.

मी म्हणतों तो बोलपट ‘थ्री ऑफ अस’, म्हणजे ‘आपण तिघें’. भाषा हिंदी, पण माणसें व माती आपली. दिग्दर्शक अविनाश अरुण. यांचा ‘किल्ला’ हा मराठी बोलपट पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. ‘थ्री ऑफ अस’ २०२३ च्या नोव्हेंबरांत चित्रगृहांतून लागला. शैलजा देसाई ही मुंबईस कुटुंब-न्यायालयांत नोकरी करणारी मध्यमवयीन स्त्री; ही भूमिका शेफाली शाह यांनीं केली आहे. तिला अकालीं स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे. ती नोकरी सोडते, आणि मनाच्या पाटीवरील अक्षरें पुसून जाण्यापूर्वीं, बालपणीं कांहीं वर्षें जेथें गेलीं त्या वेंगुर्ल्यास एकवार जाऊन यावें असें तिला वाटतें. पति दीपंकर (स्वानंद किरकिरे) बरोबर निघतो. तेथें तिला शाळासोबती प्रदीप कामत (जयदीप अहलावत) भेटतो. तो आतां बँकेंत अधिकारी आहे व बायकामुलांत रमलेला आहे.

येथें एखाद्या हलक्या लेखकानें मत्सर, भांडण व रडारड यांचा बाजार मांडला असता. या चित्रांत तसें कांहीं नाहीं. नवऱ्याच्या मनांत बारीकसा कांटा सलतो, पण त्याचा तो गवगवा करीत नाहीं. ज्या गांवीं त्याची स्वतःची एकहि आठवण नाहीं, तेथें तो बायकोच्या आठवणींचा सोबती होऊन हिंडतो. संस्कृतांत ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे; सेवा हा अर्थ मागाहून आला. दीपंकरला पाहतांना तो मूळ अर्थ मला पुनः पटला.

दुसरें चित्र मराठी आहे: सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचें ‘अस्तु’, २०१३ सालचें. त्यांतील रोगी वयानें मोठे, संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणि शास्त्री. मोहन आगाशे यांनीं ते उभे केले आहेत. कन्या क्षणभर दूर जाते, शास्त्रीबुवा मोटारींतून उतरतात आणि रस्त्यानें चाललेल्या हत्तीच्या मागें लहान मुलासारखे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा हिची भाषा कानडी, पोट हातावर, शास्त्रीबुवांच्या विद्येची तिला वार्ताहि नाहीं. परंतु ती त्यांस लेकराप्रमाणें सांभाळते आणि शास्त्रीबुवा तिला आई मानूं लागतात. या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांस ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत गौरव मिळाला. मला त्यांत विशेष वाटलें तें हें कीं, पंडिताची विद्वत्ता ज्यांस ठाऊक होती तीं माणसें त्यांच्यांत काय उरलें नाहीं तें पाहून व्याकुळ होतात. चन्नम्मेला जें समोर आहे तेवढेंच दिसतें, आणि तें तिला पुरतें.

आतां रोगाविषयीं थोडें. ज्या जर्मन डॉक्टरांच्या नांवानें हा रोग मुख्यतः ओळखला जातो, त्या आलोइस अल्झायमर यांची पहिली प्रसिद्ध रोगी वृद्ध नव्हती. १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत आणलेली आउगुस्ट डेटर ही बाई अवघी ५१ वर्षांची होती. तिला नांव विचारलें, तिनें सांगितलें. आडनांव विचारलें, तेंच नांव पुनः सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तरी तेंच. १९०६ मध्यें ती वारली. तिचा मेंदू तपासून अल्झायमर यांनीं त्याच वर्षीं आपलें निरीक्षण विद्वानांपुढें ठेविलें आणि १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत रोगाला त्यांचें नांव दिलें. वयाच्या पासष्टीपूर्वीं हा विकार दिसला तर तो अकालीं म्हणावा, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत ५ कोटी ७० लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें पीडित होते, आणि अशा रोग्यांपैकीं शेंकडा नऊपर्यंत अकालीं पीडित असूं शकतात. आपल्या देशांत साठीवरील सुमारें ८८ लक्ष माणसें या अवस्थेंत आहेत, असा २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा निष्कर्ष आहे.

विस्मरण दिसतांच हाच रोग, असें मात्र धरून चालूं नये. गलग्रंथीचा मंदपणा, मनाची खोल खिन्नता, किंवा ‘ब १२’ या जीवनसत्त्वाची उणीव यांनींहि बुद्धि मंदावते, आणि हे विकार औषधानें सुधारतात. दूधदुभत्याखेरीज शाकाहारांत हें जीवनसत्त्व जवळजवळ नसतेंच. तेव्हां आपल्यासारख्या घरांनीं ही तपासणी अवश्य करून घ्यावी. खऱ्या अल्झायमर रोगांत मेंदूचा जो भाग नव्या गोष्टी सांठवितो त्यास बहुधा प्रथम झीज लागते. म्हणून सकाळीं काय जेवलों तें जातें, आणि माहेरच्या अंगणांतील प्राजक्त तेवढा टवटवीत राहतो. कांहीं औषधांनीं थोडा काळ बरें वाटतें. रोग समूळ घालविणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं.

आमच्या पंचवटींतील घरांत लहानथोर अकरा माणसें आहेत. माझ्या धाकट्या बंधूंच्या पत्नीला सर्व जण काकू म्हणतात. मीहि येथें तसेंच म्हणतों. त्यांस त्रेपन्नावें वर्ष होतें. तीस वर्षें दिवाळीच्या भाजणीचें प्रमाण त्यांच्या तोंडीं होतें; कोणी विचारलें तर डाळतांदूळ मोजण्याच्या आधीं उत्तर येई. त्या वर्षीं त्या डब्यांपुढें उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. पुढें महिन्याभरांत, सराफ बाजारांतून घरीं येतां येतां, रामकुंडाशीं त्यांची वाट चुकली. एका ओळखीच्या फुलवाल्यानें त्यांस घरीं पोंचविलें. सिंहस्थाच्या गर्दींत हरविलेलीं माणसें आम्हां नाशिककरांस नवीन नाहींत. तेथें कर्ण्यावरून नांव पुकारतात आणि माणूस सांपडतें. काकू तीस वर्षांच्या रोजच्या वाटेवर हरवल्या, त्यांना कोणत्या कर्ण्यानें हांक मारावयाची? डॉक्टरांनीं रक्त तपासलें, मेंदूचें चित्र घेतलें, दोन महिने निरनिराळ्या रीतींनीं पारखलें, आणि मग शांतपणें रोगाचें नांव सांगितलें.

नांव कळल्यावर आप्तेष्टांची रीघ लागली. सर्व जण प्रेमानें आले. परंतु उंबरठा ओलांडतांच प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: ‘‘काय काकू, मला ओळखलंत का?’’ काकू हंसून म्हणत, ‘‘हो, हो, या ना, बसा.’’ आल्यागेल्यास परकें वाटूं द्यावयाचें नाहीं, हें त्या गृहिणीचें तीस वर्षांचें व्रत. त्याच्या आधारानें त्या तेवढी वेळ निभावून नेत. पण पाहुणा तेथें थांबत नसे. ‘‘मग सांगा बघूं, मी कोण?’’ हा दुसरा प्रश्न येई आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरे. त्या पदराचें टोंक बोटाला गुंडाळूं लागत. फळ्यापुढें उभें केलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या मुलाचा चेहरा मीं शेंकडों वेळां पाहिला आहे. तो मला चटकन् ओळखूं येतो. पाहुणा गेल्यावर अर्ध्या घटकेंत त्यांस पाहुण्याचें स्मरण राहत नसे, प्रश्नाचेंहि राहत नसे. पण मान खालीं घालावी लागली ही वेदना रात्रीच्या जेवणापर्यंत पुरे. कारण विसरतें व दुःख उरतें, ही या रोगाची कठोर रीत आहे. डॉक्टरांनीं प्रश्न विचारावे, तें निदानासाठीं अवश्य आहे. घरांत रोज परीक्षा कशाला?

या ठिकाणीं मला ‘शाकुंतला’चा पांचवा अंक वारंवार आठवतो. दुर्वासाच्या शापानें दुष्यंताची स्मृति गेली आहे. भरसभेंत शकुंतला त्याला आठवण देऊं पाहते. अंगठी दाखवावी म्हणते, तों बोटांत अंगठी नाहीं. मग आश्रमांतील हरिणपाडसाची गोष्ट सांगते. त्या गोष्टीनेंहि राजा ओळखीच्या जवळ येत नाहीं, उलट अधिक कठोर होतो. पुरावे मांडून स्मृति परत येत नाहीं, हें कवीनें येथें दाखविलें आहे. पण त्याच अंकाच्या आरंभीं दुसरें एक स्थळ आहे, त्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आंत हंसपदिका गात आहे. तें गाणें ऐकून राजा बेचैन होतो. कोणा प्रिय माणसाचा विरह झाल्याचें त्याला ठाऊक नाहीं, तरी हुरहूर लागते, आणि मन आपल्याला न कळत मागच्या जन्मींचीं प्रेमें जपून ठेवीत असावें, असा तर्क तो करितो. म्हणजे शापानें स्मृति नेली. स्मृतीच्या तळाशीं जें होतें तें नेतां आलें नाहीं.

त्या तळाला आपल्या न्यायशास्त्रांत नांव आहे. ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्या विद्यार्थ्यास ठाऊक असतें कीं, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान ती स्मृति. संस्कार मूळ, स्मृति त्याचें फळ. फळ गळलें म्हणजे मूळहि उपटलें गेलें, असें कोणीं सांगितलें? आधुनिक वैद्यकाचा अनुभव याच्याशीं जुळतो: हातांची संवय, गाण्याची चाल, लहानपणींचें पाठांतर यांस मेंदूच्या निराळ्या भागांचा आधार असल्यामुळें तीं पुष्कळ काळ टिकतात. आमच्या काकूंस ‘रामरक्षा म्हणून दाखवा’ म्हटलें तर एक अक्षर येत नाहीं. पण दिवेलागणीस कोणी शेजारीं बसून आरंभ केला, कीं त्या मिसळतात आणि अखेरपर्यंत जातात. वाती किती झाल्या, तें त्यांस सांगतां येत नाहीं. वात मात्र पूर्वीइतकीच रेखीव वळली जाते. विचारलें कीं सर्व नाहींसें होतें, आणि सोबत केली कीं पुष्कळसें परत येतें.

यावरून आम्हीं घरांत दोन गोष्टी ठरविल्या. पहिली, प्रश्न बंद. दुसरी, वांटणी. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात म्हणून रोग्याची चिंता नाहीं, असें बाहेरच्यांस वाटतें. वास्तविक अकरा माणसांच्या घरांतहि सारा भार एकाच माणसावर पडूं शकतो. इतर दहा जण हळहळतात. म्हणून मीं शाळेच्या वेळापत्रकासारखा कागद आंखला व स्वयंपाकघराच्या दारावर लाविला. सकाळचें फिरणें माझ्याकडे, स्नान व वेणीफणी आमच्या सौभाग्यवतीकडे, दुपार पुतण्याच्या बायकोकडे, रामरक्षा व वाती नातीकडे, रात्र बंधूंकडे. आठवड्यांतून एक संपूर्ण दिवस बंधूंस सुट्टी. त्या दिवशीं त्यांनीं वाचनालयांत जावें, मित्रांकडे जावें, पण घरीं थांबूं नये. बँकेचीं कामें, वारसाचीं नांवें, मृत्युपत्र हीं काकूंच्या समजुतीचा प्रकाश होता तोंवरच त्यांच्या संमतीनें आटोपून घेतलीं. हें कोरडें वाटेल. पण मागाहून तें करतां येत नाहीं.

खरी कसोटी पुढें आली. काकूंच्या मुलीच्या लग्नाचें पाहणें चालू होतें. एक चांगलें स्थळ आलें. पत्रिका जुळली, मंडळी घरीं येण्याचा दिवस ठरला. तेव्हां एका आप्तांनीं बंधूंस बाजूला घेऊन सुचविलें कीं, त्या दिवसापुरतें काकूंस शेजारच्या घरीं ठेवावें. असले रोग कुळांत आहेत असें दिसलें तर मुलीचें कसें व्हावयाचें? बंधु फार थोडें बोलणारे. संध्याकाळीं माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘दादा, ती या घरची यजमानीण आहे. ती बैठकींतच बसेल.’’

त्या दिवशीं काकू बैठकींत बसल्या. काय चाललें आहे, तें त्यांस उमगलें असेल असें वाटत नाहीं. पण वरमाई निघावयास उठल्या, तशा काकूहि उठल्या. कोणी न सांगतां देवघरांत गेल्या, करंडा घेऊन आल्या, हळदकुंकू लाविलें आणि वांकून नमस्कार केला. बोट कपाळाच्या नेमक्या मध्यावर टेकलें. आठ दिवसांनीं नकार आला. पत्रिका जुळत नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. मुलगी मला म्हणाली, ‘‘काका, जेथें आज आईला लपवावं लागेल, तेथें मला जन्मभर कांहीं ना कांहीं लपवावं लागेल. झालं तें बरं झालं.’’ तिच्या डोळ्यांत पाणी होतें, पण आवाज स्थिर होता.

आनुवंशिकतेविषयींची भीति सर्वस्वी निराधार नाहीं, आणि लोक समजतात तेवढी मोठीहि नाहीं. एकाच सदोष जनुकामुळें आईबापांकडून मुलांकडे थेट जाणारा अल्झायमर रोग एकंदरींत अत्यंत विरळा. अकालीं रोग जडलेल्या कुटुंबांत, विशेषतः पिढ्यान् पिढ्या तो पन्नाशीच्या आसपास दिसत असेल तर, त्याचा विचार करावा लागतो. अशा वेळीं तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परंतु सल्ला घेणें निराळें आणि जित्या माणसाला पडद्याआड ढकलणें निराळें. लपविलेल्या रोग्याशीं कोणी बोलत नाहीं, त्याला कोणी फिरावयास नेत नाहीं, आणि एकटेपणानें तो अधिकच लवकर खंगतो.

प्रश्न बंद केल्यावर पाहुण्यांनीं बोलावें तरी काय, अशी अडचण आली. ती आमच्या आठ वर्षांच्या नातीनें सोडविली. शाळेंतून येतांच ती काकूंजवळ जाते आणि म्हणते, ‘‘काकूआजी, मी तुमची नात. आपण वाती करूं या.’’ बस, इतकेंच. आपण कोण तें आधीं सांगून टाकावयाचें आणि कामाला लागावयाचें. काकूंचा चेहरा उजळतो. त्यांस कांहीं सिद्ध करून दाखवावें लागत नाहीं. हें पाहून मला आपल्या जुन्या अभिवादनाच्या विधीची आठवण झाली. मुंज झालेल्या मुलास आपण शिकवीत आलों कीं, वडिलांस वंदन करितांना आधीं स्वतःचें गोत्र व नांव स्पष्ट उच्चारावें. स्मृतिकारांनीं हा नियम सांगितला त्यांत आणखी हेतु असतील. पण त्याचें एक फळ उघड आहे. समोरच्या वृद्धास ‘बाळ, तूं कोणाचा?’ असें विचारण्याचा, किंवा न आठवल्याबद्दल ओशाळण्याचा, प्रसंगच येत नाहीं. ओळख देण्याचा भार येणाऱ्यानें उचलावयाचा. वडिलांनीं फक्त आशीर्वाद द्यावयाचा.

ही चाल आपण मुंजीच्या दिवसापुरती ठेविली आहे. ज्यांच्या घरीं असा रोगी आहे, आणि ज्यांस अशा घरीं जावयाचें आहे, त्या सर्वांनीं ती पुनः रोजच्या व्यवहारांत आणावी, अशी माझी विनंति आहे. पुढच्या खेपेस कोणा काकूंना, मामांना, आत्याबाईंना भेटावयास जाल तेव्हां दारांतूनच आपलें नांव सांगा, नातें सांगा, आणि शेजारीं बसा. पुढें कांहीं बोलावयास सुचलें नाहीं तर कापूस घेऊन दोन वाती वळा.